काढ्याच्या वहीतलं अकरावं नाव

सोमवार, १४ जुलै २०२५

दोनशे चौदा! ह्यांचं एलडीएल दोनशे चौदा. शंभरच्या आसपास पाहिजे म्हणे. रक्तातली वाईट चरबी ती. अहो, चरबी आहे कुठे त्या माणसात? बरगड्या मोजून घ्याव्यात! एकसष्ट वर्षांचे झाले तरी तांदळाची गोण पाठीवर घेऊन दोन जिने चढतात. पोट नाही, शुगर नाही, बीपी नाही. दारूला शिवत नाहीत — आमच्या गावात हे मुद्दाम सांगावं लागतं.

सगळं कल्पितामुळे. सून ठाण्याला नौपाड्यात एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला आहे. रोज शंभर लोकांना सुया टोचून हौस फिटत नाही बहुतेक, घरच्यांचंही तपासू या म्हणाली. मी हात दिला नाही. मला काय धाड भरलीय! प्रफुल्ल गाडीची चावी घेऊन सटकला — लेक आईवर गेलाय. सापडले हे एकटे.

दिवसभर दुसरं काही सुचलेलं नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं. उद्या डॉक्टर.

मंगळवार, १५ जुलै

नौपाड्याला जाऊन आलो. डॉक्टर तरुण आहे, आमच्या प्रफुल्लच्या वयाचा. रिपोर्ट बघून लगेच चिठ्ठी लिहायला घेतली. "रोज एक गोळी. कायमची."

कायमची! हे तिथेच उसळले — "मना काय झालाय? कनाला गोल्या?" दवाखान्यात आपली आगरी बोली काढली की समजायचं, माणूस घाबरलाय. सदतीस वर्षं संसार केलाय, मला कळतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, दोन महिने द्या. माझ्याकडे औषध आहे." हसला नाही, हे त्याचं बरं. कुठलं ते विचारलं. अर्जुनसादड्याची साल, शेवग्याचा पाला, मेथी — माझ्या आईचा काढा. म्हणाला, "घ्या. पण दोन महिने म्हणजे दोनच. पंधरा सप्टेंबरपर्यंत आकडा उतरला नाही तर गोळी सुरू, मग वाद नाही." मी कबूल केलं. माझा शब्द म्हणजे शब्द.

मग विचारतो, "घरात कुणाला हार्टचा त्रास? वडील, भाऊ?" हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मीच सांगितलं — "आमच्या घरात कुणी आजारीच पडत नाही! एक दिवस कुणी खितपत पडलेलं नाही." खरंच आहे ते. सासरे मिठागरावर उभ्या उभ्या गेले, हातात फावडं. मोठे दीर, महिपत भाऊजी, क्रिकेटच्या सामन्याला पंच म्हणून उभे होते. खाली बसले ते बसलेच. कुणाकडे पाणी मागितलं नाही, कुणाला त्रास दिला नाही. गावात अजून म्हणतात, जायचं तर नाथाच्या — ह्यांच्या — घरातल्यांसारखं. डॉक्टरने लिहून घेतलं — 'काही नाही'.

गुरुवार, १७ जुलै

रतन आला साल घेऊन! भाऊ असावा तर असा. मलंगगडाच्या पायथ्याच्या ओढ्याकाठी आमच्या माहेरची झाडं आहेत. आई, केशरबाई, तिथलीच साल काढायची. अख्खं खोड सोलायचं नाही — चार बोटं रुंद पट्टी, आणि उघड्या जागेवर शेणमाती लिंपायची. झाडाला कळता कामा नये, म्हणायची. रतन अजून तसंच करतो. कल्याणच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात मिळते ती साल मी पाहिलीय. साल कमी, पोत्यातली धूळ जास्त.

आठ पेले पाणी, दोन पेले उरेपर्यंत उकळायचं. मेथी आदल्या दिवशी भिजवलेली, शेवग्याचा पाला सावलीत वाळवलेला. उन्हात वाळवलात तर सत्त्व गेलं.

ह्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड असं काही केलं! "कारल्याचा बापूस हाय ह्यो!" पण संपवला. विनिता, नात, नऊ वर्षांची, बाजूला बसून आजोबांना टाळ्या वाजवत होती. तिने बाटलीला कागद चिकटवलाय — 'आजीचा काढा', खाली लाल हृदय. हृदयाला दोन पाय काढलेत, ते धावतंय. किती हुशार आहे कार्टी!

शुक्रवार, १८ जुलै

काढ्याचा वास गल्लीभर गेला. दुपारी भगवान आला — ह्यांचा चुलतभाऊ, पोट पुढे आणि माणूस मागे. हा आधीपासून गोळ्या घेतो. "वयनी, मनापन दे." संध्याकाळपर्यंत दहा जण झाले! हे धरून अकरा. मला नाही म्हणता येत नाही आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं.

पण मी उगाच पेले वाटत बसणाऱ्यातली नाही. सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवलीय. नवीन वही काढली, रकाने आखले — नाव, वय, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. आकड्याला मी देव मानते. एकदा वरच्या बाई म्हणाल्या होत्या, त्या एका पोराचं वजन अर्धा किलो वाढवून लिहा, गावाचं नाव खराब होतं. मी म्हटलं, पोराला खायला घाला मग लिहिते. बदलीची धमकी दिली. घाबरले नाही!

कल्पिता म्हणाली सगळ्यांचं रक्त ती काढेल, लॅबमध्ये बोलेल. मला बरं वाटलं. मग म्हणते, "आई, न पिणारेही पाच जण घेऊ या."

"न पिणाऱ्यांचं रक्त कशाला वाया घालवतेस?"

"पिणाऱ्यांचं उतरलं तर काढ्यानेच उतरलं, हे कशावरून? दोन्हीकडचं बघायला हवं."

शिकलेल्या सुनेचं हे असं असतं. विश्वास ठेवायचा, पण पावती घेऊन. घे म्हटलं. वहीचं शेवटचं पान तुझं.

रविवार, २० जुलै

आमच्या ओटीवर सकाळी सहापासून रांग! सोळा जण उपाशीपोटी. पिणारे अकरा, न पिणारे पाच. पाचांत शेजारची दर्शना — पार्लरवाली, माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी. "मी नाही बाई ते झाडपाल्याचं पिणार." नको पिऊस! दुसरा प्रफुल्ल. बायकोने दंड धरून बसवला. त्यालाही काढा नको, वासानेच पळतो.

रक्त दिलं आणि अर्धे जण तिथूनच मटणाच्या रांगेत गेले. आखाड आहे, शेवटचा रविवार. पंधरा दिवस गावात दुसरा वासच नाही. गुरुवारी अमावास्या, त्यानंतर श्रावण लागला की गौरी-गणपती जाईपर्यंत अख्ख्या गावात मासमच्छी बंद. म्हणून आताच दाबून घ्यायचं. आमच्याकडेही वजडी होती.

मंगळवार, २२ जुलै

आकडे वहीत उतरवले. अक्षर अजून मोत्यासारखं येतं. प्रफुल्लचा एकशे ब्याण्णव! पस्तीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा. बाहेरचं खाणं, दुसरं काय. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आई, चिल कर." करते हं चिल. काढा पी म्हटलं तर ते नाही.

शुक्रवार, २५ जुलै

श्रावण लागला. अकरा पेले, अकरा घरं. सकाळी सातला माझी फेरी सुरू. कुणी तोंड वाकडं केलं तर मी उभी राहते संपेपर्यंत. अंगणवाडीतल्या पोरांना जंताचं औषध पाजलंय, ह्यांची काय कथा!

रविवार, ३ ऑगस्ट

भगवानचा पट्टा एक भोक आत आला. गावभर शर्ट वर करून दाखवत फिरतोय. बायका हसून हसून लोळल्या. मी म्हटलं, काढ्याची जाहिरात करतोस की पोटाची?

शुक्रवार, १५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनाला गेले होते. बाईंनी पुढच्या खुर्चीत बसवलं. "सगुणाबाईंच्या काढ्याबद्दल ऐकलं," म्हणाल्या. शाळेपर्यंत गेलं तर! शीळफाट्याच्या नवीन टॉवरमधून दोन जणी गाडी घेऊन आलेल्या बाटली मागायला. आमच्याच वावरावर उभे आहेत ते टॉवर. बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्या बायका खाली माझ्या ओटीवर चप्पल काढून बसल्या. दिली बाटली. वहीत नाव घेतलं नाही, आधीचा आकडा नाही म्हणून. नियम म्हणजे नियम.

आई असती तर! अंगठा उठवायची ती. कुणी तिला वैदू म्हटलं तर रागवायची — "मी काय वैदू नाय, मना म्हायती हाय येवराच." आई, तुझी माहिती आता वहीत आहे गं, रकान्यांत आहे.

शनिवार, २३ ऑगस्ट

हे एक दिवस चुकले नाहीत. पेला धुऊनसुद्धा ठेवतात.

बुधवार, २७ ऑगस्ट

बाप्पा आले. लिहायला वेळ नाही. मोदक एकशे एक.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल गौरी-गणपती गेले. आज सकाळी साडेपाचलाच सगळ्यांना ओटीवर उभं केलं. मुद्दाम आजचा दिवस धरला — उद्यापासून सगळे मासळीबाजारात, कुणी उपाशी सापडायचं नाही. कल्पिता सोळा नळ्या घेऊन ठाण्याला गेली. मी देवाजवळ दिवा लावलाय. घाबरलेले नाही. लावलाय आपला.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

उतरले! उतरले, उतरले, उतरले! भगवान एकशे बावन्नवरून एकशे एकवीस. देवराम मास्तर एकशे सत्तरवरून एकशे चाळीस. कुणाचे पंधरा, कुणाचे पस्तीस, पण उतरले सगळे. भगवान तर अंगणात नाचला. "आता गोल्या कनाला? फेकतंय नालीत!" मी अडवलं नाही. हसले.

सगळ्यात शेवटी ह्यांचा कागद. दोनशे एकोणीस.

दोनदा वाचला. कल्पिताला म्हटलं, नळी बदलली असेल. "नाही आई, मी दोनदा लावून घेतलं."

मग माझं डोकंच फिरलं. दहांचं उतरतं आणि माझ्याच घरचं चढतं? म्हणजे हे बाहेर खात होते! शीळफाट्याला रोज संध्याकाळी चक्कर असते ह्यांची, तिथे ढाब्यांची रांग आहे. श्रावणात! गणपती घरात असताना! मी उभ्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलले. माझ्या काढ्याला बट्टा लावलात म्हणाले, माझ्या आईच्या नावाला लावलात म्हणाले.

हे म्हणाले, "मी काय नाय खाल्ला. आयशीची शपत." मेलेल्या आईची शपथ खोटी घेता, म्हटलं मी.

शनिवार, ६ सप्टेंबर

बोलत नाही मी ह्यांच्याशी. ताट ठेवते, निघून येते.

सोमवार, ८ सप्टेंबर

कल्याणहून फोन! बचत गटांचा मेळावा आहे रविवारी, तीनशे बायका येणार. 'गावची वनौषधी' ह्या विषयावर मी बोलायचं आणि माझा सत्कार. वही घेऊन या म्हणाल्या, मंचावर दाखवायला.

वही स्वच्छ उतरवून काढली. नवी वही, ठळक शाई. दहा नावं. दहापैकी दहा उतरले. ह्यांचं नाव घेतलं नाही. जो माणूस पथ्य पाळत नाही त्याचा आकडा धरायचाच कशाला? अंगणवाडीतसुद्धा गैरहजर पोराचं वजन लिहीत नव्हतो. बरोबरच आहे माझं.

कल्पिता मागे येऊन उभी राहिली. वहीकडे बघितलं. "आई, न पिणाऱ्यांचेही आकडे आलेत. जुन्या वहीत मागे लिहिलेत मी."

"मेळावा होऊ दे, मग बघू."

"आणि बाबांच्या गोळीची तारीख पंधरा आहे."

"मेळावा चौदाला आहे ना? मग होऊ दे!" थोडं जोरात बोलले. सांगणार काय मी तीनशे बायकांना — काढा माझा आणि नवरा गोळीवर?

रविवार, १४ सप्टेंबर

माझ्या आयुष्यातला दिवस! अबोली रंगाची पैठणी नेसले. हॉल खचाखच. माईकसमोर उभी राहिले, आई आठवली आणि जे सुटले! साल कशी काढायची, झाडाला कसं जपायचं, पाला सावलीत का. आणि शेवटी वही उंच धरून — "दहापैकी दहा!" काय टाळ्या पडल्या! शाल, नारळ, ट्रॉफी. एक म्हातारी येऊन माझ्या पाया पडायला लागली, मी धरलं तिला. भिवंडीच्या, टिटवाळ्याच्या बायकांनी नंबर घेतले. फोटो बचत गटांच्या साडेतीनशे जणांच्या ग्रुपवर गेला.

सत्तावीस वर्षं पोरांची नाकं पुसली, कधी कुणी शाल नाही घातली. आज घातली. छाती भरून आली माझी, खोटं कशाला सांगू.

हे मागच्या रांगेत बसलेले. प्रफुल्लच्या गाडीतून आलेले, मला माहीत नव्हतं. 'दहापैकी दहा' म्हटलं तेव्हा हेही टाळ्या वाजवत होते. मी दुसरीकडे बघितलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कल्पिता डबा भरता भरता — "आई, काल पंधरा तारीख झाली."

ऐकलं नाही असं दाखवलं. हे सकाळी स्वतःच कढईतून पेला भरून घेतात आता. मी देत नाही म्हणून.

गुरुवार, १८ सप्टेंबर

दर्शनाच्या पार्लरसमोरून येत होते. दारातून ओरडली, "सगुणावयनी! माझंही उतरलं हां! एकशे अठ्ठावनचं एकशे सव्वीस. आणि मी तर थेंब नाही पिला तुमचा काढा!" आत बसलेल्या बायका हसल्या.

घरी आले, जुनी वही काढली, शेवटचं पान उघडलं. कल्पिताचं बारीक अक्षर. पाच नावं. दर्शना बत्तीस उतरली. रवींद्र अठ्ठावीस. गल्लीतला विनीत एकवीस. सोसायटीच्या वॉचमनची बायको एकोणीस. न पिता!

बसून राहिले. दूध उतू गेलं तरी उठले नाही. मग लक्षात आलं — अगं बये, श्रावण! पहिलं रक्त काढलं ते आखाडात. पंधरा दिवस मटण, वजडी, तळलेलं, ओरपून ओरपून. आणि दुसरं काढलं ते चाळीस दिवस पालेभाजी-वरणभातावर राहून. मासळी घरात यायच्या आदल्या सकाळी. दिवस मीच निवडला होता. गाव उतरलं ते श्रावणाने. काढ्याने किती, कुणास ठाऊक. मी एवढी शहाणी, रकाने आखणारी, आणि माझ्या नाकासमोरचं मला दिसलं नाही!

पाचवं नाव प्रफुल्ल. एकशे ब्याण्णव, नंतर एकशे पंचाण्णव.

सोळा जणांत दोघांचं उतरलेलं नाही. एक बाप, एक लेक. प्रफुल्लचं जेवण माझ्याच हातचं, डबाही माझाच. श्रावणात त्याने जिमची अंडीसुद्धा बंद केलेली. दोघांनी पाळला श्रावण. दोघांनी!

आयशीची शपथ खरी होती.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सकाळी कढईपाशी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "चुकले मी. तुम्ही खाल्लं नव्हतं."

ह्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मी शपत घेतलेली. तू आयकलाच नाय."

"मग तरी रोज काढा का पीत होतात?"

"तुज्या आयशीचा हाय ना."

मी रडले. लिहायला लाज वाटत नाही. चौदा दिवस ह्या माणसाला मी गुन्हेगारासारखं ताट वाढलं, माझ्या शालीसाठी. वर चार दिवस गोळी लांबवली. त्या चार दिवसांत काही झालं असतं तर त्या ट्रॉफीचं काय करणार होते मी?

शनिवार, २० सप्टेंबर

नौपाडा. कल्पिता सोबत आली, सुट्टी टाकून. डॉक्टरला मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. श्रावण, न पिणारे, बापलेक. तो खुर्चीत पुढे सरकला.

कल्पिताने ह्यांना हळूच विचारलं, "बाबा, आजोबा गेले तेव्हा किती वर्षांचे होते?"

"एकावन."

"आणि महिपतकाका?"

"शेचालीस."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. "तुम्ही म्हणाला होतात, घरात कुणाला काही नाही." मी म्हटलं, आजारी नव्हतेच हो ते, उभ्या उभ्या गेले. मग ते दोन आकडे मनात शेजारी शेजारी मांडले. एकावन्न. शेहेचाळीस. हे काय मरायचं वय आहे? तीस वर्षं आम्ही त्याची मिरवणूक काढत होतो!

ह्यांचे डोळे बघितले त्याने, बुबुळाभोवतीची पांढरी कड. टाचेमागची शीर चिमटीत धरून बघितली. म्हणाला, रक्तातून आलेलं आहे, जन्मापासूनचं. खाण्याने झालेलं नाही, म्हणून श्रावणाने जात नाही आणि नुसत्या काढ्यानेही जाणार नाही. बापाकडून मुलांकडे उतरतं, सगळ्यांत नाही, साधारण निम्म्यांत. गोळी आजपासून, प्रफुल्लचीही. हृदयाच्या तपासण्या पुढच्या आठवड्यात. "अजून उशीर झालेला नाही," म्हणाला. हे वाक्य मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. आणि रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना तपासा.

तिथेच बाकावर बसून यादी केली — ह्यांची बहीण, महिपत भाऊजींचे दोन मुलगे. कल्पिता पूर्ण रस्ताभर रिक्षातून बाहेर बघत होती. मला वाटलं, नवऱ्याची काळजी.

सून मात्र सून आहे माझी! तिने त्या दिवशी पाच न पिणारे धरले नसते तर मी आजही पेले वाटत फिरले असते. तिला तसं सांगितलंही. सदतीस वर्षांत सासूने मला असं एक वाक्य दिलं नव्हतं.

रविवार, २१ सप्टेंबर

आधी भगवानकडे. त्याने खरंच पाकीट फेकलेलं. शर्टाची कॉलर धरून मेडिकलमध्ये नेला, नवीन पाकीट घेतलं, पहिली गोळी माझ्यासमोर गिळायला लावली. "वयनी, पन तूच तर..." हो, मीच! म्हणून मीच आलेय.

मग साडेतीनशे जणांच्या ग्रुपवर बोलून पाठवलं. चार वेळा पुसलं, पाचव्यांदा गेलं. म्हटलं, मी सगुणा बोलतेय. गेल्या रविवारी दहापैकी दहा सांगितलं, ते खोटं होतं. पिणारे अकरा होते, अकरावे माझे मिस्टर, त्यांचं नाव मी गाळलं. न पिणाऱ्यांचंही तेवढंच उतरलंय. काढा प्या, वाईट नाही, पण त्याच्या भरवशावर कुणी गोळी बंद करू नका. ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी ताडकन गेलं असेल त्यांनी आधी रक्त तपासा.

दर्शनाने सगळ्यात आधी उत्तर दिलं — हात जोडलेले. बाकी कुणी काय म्हणेल ते म्हणो. एवढं ताठ मानेने मी कधी काही बोलले नव्हते, मंचावरसुद्धा नाही.

नव्या वहीत अकरावं नाव लिहिलं. दोनशे चौदा. दोनशे एकोणीस.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले.

सकाळी कल्पिताने विनिताचं रक्त काढलं. कुणाला विचारलं नाही. मी मांडीवर घेऊन बसले, तिचा हात धरून. सुई गेली तरी हूं की चूं नाही. "शाब्बास! आमच्या घरातली शोभतेस!" मी म्हटलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. एकशे शहाण्णव.